मावशीच्या पासबुकातले 436 रुपये

काका गेले सप्टेंबर 2024 मध्ये, 53 व्या वर्षी, रात्री जेवून झोपले आणि सकाळी उठलेच नाही, अटॅक होता म्हणे. काका म्हणजे मावशीचे मिस्टर, नागपूरजवळ बुटीबोरीला कंपनीत होते, रोज सकाळी साडेसहाची बस. घरचे सगळे पैशाचे व्यवहार तेच पाहायचे, मावशीला फक्त एवढं माहीत की पगार झाला की काका किराण्याचे आणि दुधाचे पैसे काढून देतात. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि मग एका रविवारी मी नंदनवनला तिच्या घरी गेली तर तिनं आतल्या खोलीतून साडीच्या दुकानाची एक मोठी पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "बाई, यातलं मले काहीच समजून नाही राहिलं, तू हिशेबाचं काम करते ना, तूच पाहून दे."

मी सीए नाही, इतवारीत एका होलसेल दुकानात दहा वर्षांपासून हिशेब पाहते, बिलं, जीएसटी, बँकेची पत्रं, एवढंच. पण त्या पिशवीतली कागदं उलगडताना मला जे जाणवलं ते लिहायलाच पाहिजे असं केव्हाचं वाटून राहिलं होतं. आपल्या घरांमध्ये पैसा कमी असतो हे खरं आहे, पण जेवढा असतो त्याचे शब्द आपल्याला कोणी शिकवत नाही. फॉर्मवर पेन्सिलनं फुली मारून देतात आणि आपण तिथं सही करतो. देशभरातले आयकर अधिकारी जिथं ट्रेनिंग घेतात ती अकादमी आपल्या नागपुरात छिंदवाडा रोडवर आहे, रिझर्व्ह बँकेचं ऑफिस सिव्हिल लाइन्समध्ये आहे, आणि आपल्याच घरातल्या बाईला टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापलेला टॅक्स, एवढंही माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हे शब्द, जसे जसे पिशवीतून निघाले तसे.

सगळ्यात आधी पासबुक. काकांचं पासबुक म्हणजे निळं कव्हर, शाई इतकी पुसट की खिडकीशी नेऊन वाचावं लागलं. मी एकेक पान मागे जात होती आणि दरवर्षी मे महिन्यात एक ओळ दिसत होती, पीएमजेजेबीवाय, 436 रुपये. त्याच्याच खाली पीएमएसबीवाय, 20 रुपये. आणखी मागे गेली तर 2022 च्या आधी तेच 330 आणि 12 होते. मावशी म्हणे, "हे बँकवाले असंच काहीतरी कापत राहतात." मी तिला म्हटलं थांब मावशी, हे कापलेलं नाही, हा विमा आहे.

पहिला आहे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. माणूस कोणत्याही कारणानं गेला तरी नॉमिनीला 2 लाख. 18 ते 50 वयात घेता येतो, 55 पर्यंत चालतो, बँक खात्यातून वर्षाला 436 आपोआप जातात. दुसरा सुरक्षा विमा, तो 20 रुपयांचा, पण तो फक्त अपघाताचा, त्यामुळे काकांच्या केसमध्ये तो लागू नव्हता. दोन्ही 2015 च्या मे महिन्यात सुरू झाले, काकांनी तेव्हाच कुठंतरी सही केली असणार, घरी सांगितलंच नाही, कदाचित त्यांच्याही लक्षात राहिलं नसेल. विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे असतं, मे मध्ये हप्ता गेलेला होता, म्हणजे सप्टेंबरात विमा चालू होता.

बँकेत गेलो तर काउंटरवरचा माणूस म्हणे असं काही नाही मिळत. मी पासबुकाचं पान उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. मग तो आत जाऊन आला आणि क्लेमचा फॉर्म दिला. मृत्यूचा दाखला, मावशीचं आधार, तिच्या खात्याचा कॅन्सल चेक, एवढं लागलं. डिसेंबरात 2 लाख तिच्या खात्यात आले. त्या दिवशी मावशी रडली, आणि मी घरी येऊन माझ्या आईचं, बाबांचं, माझं, सगळ्यांचे पासबुक काढून पाहिले. तुम्हीही पाहा. ज्यांच्या घरी गेल्या दोन-चार वर्षांत कोणी गेलं असेल त्यांनी तर त्या माणसाच्या पासबुकाचं मे महिन्याचं पान आजच पाहा आणि ओळ दिसली तर बँकेत जाऊन विचारा. क्लेम लवकर करायचा असतो, 30 दिवसांच्या आत कळवा असं सांगतात, आम्हाला त्यात उशीर झाला होता तरी मिळाले.

पुढचा शब्द नॉमिनी. काकांच्या सेव्हिंग खात्याला नॉमिनी कोण, तर त्यांची आई, जी 2011 मध्येच गेली. खातं लग्नाआधीचं होतं, नंतर कोणी बदललंच नाही. त्या खात्यात 38 हजार होते आणि तेवढ्यासाठी स्टॅम्प पेपर, ॲफिडेव्हिट, दोन्ही मुलांच्या सह्या, साक्षीदार, चार चकरा. नॉमिनी म्हणजे मालक नाही हेही समजून घ्या, नॉमिनी म्हणजे बँकेनं पैसा कोणाच्या हाती द्यायचा तो माणूस, खरा हक्क वारसांचाच राहतो. पण तो हाती घेणारा माणूसच जिवंत नसेल तर सगळं अडतं. आता 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. आणि जॉइंट खातं असेल तर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलं आहे का बघा, म्हणजे दोघांपैकी कोणीही एकजण व्यवहार करू शकतो आणि एक गेला तर दुसऱ्याचं अडत नाही.

पीएफचं जरा सविस्तर सांगते कारण इथं लोकं अर्धंच घेऊन परत येतात. नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफ ऑफिसातून तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. साठलेला पीएफ, त्याचा फॉर्म 20. विधवेला पेन्शन, फॉर्म 10 डी, मुलं 25 वर्षांच्या आत असतील तर त्यातल्या दोघांनाही. आणि तिसरा ईडीएलआय नावाचा विमा, फॉर्म 5 आयएफ, जास्तीत जास्त 7 लाख, आणि त्यासाठी पगारातून एक रुपया कापला जात नाही, कंपनी भरते. कंपनीच्या माणसानं आम्हाला फक्त पहिला फॉर्म दिला होता. बाकी दोन मागून घेतले. वर ग्रॅच्युइटी, ती तशी पाच वर्षं नोकरी झाल्यावर मिळते पण माणूस गेला तर पाच वर्षांची अटच नसते. हे सगळं मिळून मावशीच्या हाती 15 लाख आले. तिनं आयुष्यात एवढे पैसे एकत्र पाहिले नव्हते. आणि 15 लाख खात्यात आले की लोकांना कसं समजतं माहीत नाही पण समजतं.

मी तिला म्हटलं, सध्या डोकं ठिकाणावर नाही, एक वर्षाची एफडी कर आणि कोणाचंही ऐकू नको. तिनं ते 15 लाखाचं ऐकलं. पण विम्याचे जे 2 लाख आले होते ते सेव्हिंग खात्यात होते, तर आठवड्याच्या आत बँकेतून एका मॅडमचा फोन, "ताई, पैसे असेच पडून आहेत, एफडीसारखंच आहे पण त्यापेक्षा भारी." मावशी गेली आणि फुल्यांवर सह्या करून आली. पॉलिसी घरी आली तेव्हा मी पाहिली. यूलिप होती. वर्षाला 2 लाख, पाच वर्षं भरायचे. म्हणजे 10 लाख! मावशीला वाटलं एकदाच भरायचे.

यूलिप म्हणजे विमा आणि शेअर बाजार एका पिशवीत, भरलेल्या पैशातला काही भाग विम्याला आणि खर्चाला जातो, उरलेला बाजारात लागतो, पाच वर्षं हात लावता येत नाही. ज्या बाईचं उत्पन्न पेन्शन आणि व्याज, तिला हे विकणं मला चुकीचंच वाटतं आणि मी ते तिथं जाऊन स्पष्ट बोलली. पण इथं एका शब्दानं आम्हाला वाचवलं, फ्री लुक. कोणतीही जीवन विम्याची पॉलिसी हाती आली की त्या दिवसापासून 30 दिवसांत परत करता येते, कारण लिहून द्यायचं, थोडेफार चार्जेस कापून पैसे परत येतात. आमचा एकोणिसावा दिवस होता. मॅडमनं खूप समजावलं, नंतर साहेबांनी समजावलं, मी अर्ज दिला आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का घेऊनच उठली. पैसे आले. आणि हे पाठ करून ठेवा, की विमा घ्यायचा तर टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तर पैसे, नाही गेला तर काही परत नाही. लोकांना हेच आवडत नाही की परत काही मिळत नाही, पण म्हणूनच तो स्वस्त असतो आणि म्हणूनच थोड्या पैशात 50 लाखाचं कव्हर मिळतं. गाडीचा विमा भरताना कोणी म्हणतं का की यंदा ॲक्सिडेंट नाही झाला, पैसे परत द्या?

आता टॅक्स. एप्रिल 2025 मध्ये मावशीचा फोन, "काऊन गं, बँकेनं माह्या एफडीचे चार हजार कापले." मार्चपर्यंत तिच्या 15 लाखावर साधारण 43 हजार व्याज झालं होतं, आणि तेव्हा नियम असा होता की एका बँकेत वर्षाचं व्याज 40 हजाराच्या वर गेलं की 10 टक्के टीडीएस कापायचा. पॅन दिलेला नसेल तर 20 टक्के. आता एप्रिल 2025 पासून ती मर्यादा 50 हजार झाली, आणि साठीच्या वरच्यांसाठी 1 लाख. पण टीडीएस कापला म्हणजे तुम्हाला टॅक्स लागला असं होत नाही. तो ॲडव्हान्ससारखा आहे, बँकेला तुमचं एकूण उत्पन्न माहीत नसतं म्हणून ती आपली कापून सरकारकडे तुमच्या नावावर जमा करते. तुमचं उत्पन्न टॅक्सच्या खाली असेल तर रिटर्न भरून ते परत मिळतात, त्याला रिफंड म्हणतात. मावशीचं ऑगस्टमध्ये रिटर्न भरलं, पोर्टलवर तिचं एआयएस उघडलं (वर्षभरात तुमच्या पॅनवर कुठून काय आलं आणि काय कापलं त्याची पूर्ण यादी), बँक खातं व्हॅलिडेट केलं, महिन्याभरात पैसे आले. कापूच नये असं वाटत असेल तर एप्रिलमध्येच बँकेत तसा डिक्लेरेशनचा फॉर्म द्यायचा (मार्च 2026 पर्यंत तो 15 जी होता, साठीच्या वर असाल तर 15 एच), आणि दरवर्षी नव्यानं द्यायचा. गेल्या वर्षी दिला होता म्हणून चालत नाही. अर्थात ज्यांना खरंच टॅक्स लागतो त्यांनी हा फॉर्म द्यायचा नाही, ते खोटं डिक्लेरेशन होतं.

फायनान्शियल इयर आणि असेसमेंट इयर यात तर शिकलेली लोकं पण गोंधळतात. पैसे कमावले ते वर्ष फायनान्शियल, त्याचा हिशेब तपासतात ते पुढचं वर्ष असेसमेंट. मावशीचं व्याज 2024-25 चं, रिटर्नवर लिहिलेलं 2025-26. चांगली बातमी ही की 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या इन्कम टॅक्स कायद्यात हे दोन शब्द जाऊन एकच 'टॅक्स इयर' आहे.

मावशीचा मोठा मुलगा मिहानमध्ये कामाला आहे, 4 लाख 80 हजाराचं पॅकेज. त्याला प्रमोशनची बात आली तर हा म्हणे, नको, पगार वाढला तर टॅक्सच्या स्लॅबमध्ये जाईन आणि हाती कमीच येईल. ही समजूत इतक्या लोकांची आहे! स्लॅबचा रेट सगळ्या पगारावर लागत नाही, त्या स्लॅबमध्ये जेवढा पैसा पडतो तेवढ्यावरच लागतो. नव्या रिजीममध्ये (टॅक्स मोजायच्या जुन्या आणि नव्या अशा दोन पद्धतींपैकी नवी) 2025-26 साठी पहिल्या 4 लाखावर शून्य, 4 ते 8 मधल्या पैशावर 5 टक्के, 8 ते 12 मधल्यावर 10, असं वर वर जात 24 लाखाच्या वरच्यावर 30. आणि त्यातही 12 लाखापर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट आहे, म्हणजे हिशेबात टॅक्स निघतो पण सरकार तो माफ करते, पगारदाराला वर 75 हजाराचं स्टँडर्ड डिडक्शन (पगारातले तेवढे पैसे टॅक्ससाठी धरतच नाही), म्हणजे पावणेतेरा लाख पगारापर्यंत टॅक्स शून्य. शेअर विकून झालेल्या नफ्याचा हिशेब वेगळा असतो तेवढं सोडून. त्याला म्हटलं, बाबू, तू अजून पावणेतेरापासून खूप लांब आहे, जाऊन प्रमोशन घे. घेतलं त्यानं.

त्याच मुलानं गाडी घेतली होती, 1 लाखाचं लोन, तीन वर्षं, '10 टक्के फक्त'. महिन्याचा हप्ता 3,611. मी विचारलं फ्लॅट की रिड्युसिंग, तर त्याला माहीत नाही. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत चालले तरी व्याज पूर्ण 1 लाखावरच, शेवटच्या महिन्यापर्यंत. रिड्युसिंग म्हणजे जेवढं बाकी तेवढ्यावर. तोच 3,611 चा हप्ता रिड्युसिंगनं मोजला तर रेट जवळपास 18 टक्के निघतो. बँकेचं घराचं लोन रिड्युसिंग असतं, म्हणून गाडीवाल्याचा 10 आणि बँकेचा 10 एक नसतात. सही करण्याआधी फक्त हा एक प्रश्न विचारा.

आता गुंतवणूक. नोव्हेंबर 2025 मध्ये मावशीची एफडी संपली तेव्हा आम्ही दोघी बसून कागदावर मांडलं. 15 लाख एकाच बँकेत ठेवायचे नाही हे आधी ठरलं, कारण बँक बुडाली तर विमा 5 लाखापर्यंतच असतो, एका माणसाला एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून. 2020 च्या आधी तर तो 1 लाखच होता. सहकारी बँकेलाही हा विमा असतो. पण पतसंस्थेला नसतो, हे मोठ्या अक्षरात लिहा कुठंतरी. नावात काहीही असो, ती पतसंस्था असेल तर तिथल्या ठेवीला हे 5 लाखाचं कव्हर नाही. मावशीच्या शेजारणीनं अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून पोरीच्या लग्नाचे पैसे तसेच ठेवले होते, ते अडकले, ती बाई अजून चकरा मारते आहे. मला तिच्याकडे पाहवत नाही.

तर 9 लाख पोस्टात मंथली इन्कम स्कीममध्ये, एकट्याच्या नावावर तेवढीच मर्यादा आहे, 7.4 टक्क्यानं महिन्याला बरोबर 5,550 येतात. बाकीचे दोन वेगवेगळ्या बँकांत 3-3 लाख. कमी पडत नाही तिला, पीएफची पेन्शन आहे, मुलगा देतो.

मुलाला मात्र मी एसआयपी लावायला सांगितली कारण तो 24 वर्षांचा आहे आणि त्याच्याकडे वेळ आहे. एसआयपी ही काही स्कीम नाही, ती पद्धत आहे, आरडीसारखी दर महिन्याला ठरलेली रक्कम म्युच्युअल फंडात (खूप लोकांचे पैसे एकत्र करून शेअर वगैरेमध्ये लावतात तो) जाते, फक्त आरडीत व्याज ठरलेलं असतं आणि इथं कमी-जास्त होतं, कधी तोटाही दिसतो. त्याला मित्रानं सांगितलं होतं की 10 रुपये एनएव्हीवाला नवीन फंड घे, स्वस्त आहे. एनएव्ही म्हणजे एका युनिटचा भाव. 10 हजार टाकले तर 10 च्या भावानं हजार युनिट येतील, 500 च्या भावानं 20 येतील, आणि दोन्ही फंड 10 टक्के वाढले तर दोन्हीकडे 11 हजारच होणार. मग स्वस्त काय राहिलं? त्यापेक्षा एक्स्पेन्स रेशो बघ म्हटलं, म्हणजे फंडवाले वर्षाला तुमच्या पैशातून किती टक्के घेतात. 5 लाख साठले असतील तर 1 टक्का म्हणजे वर्षाचे 5 हजार, नफा होवो की तोटा. डायरेक्ट प्लॅनमध्ये एजंटचं कमिशन नसतं म्हणून तो कमी असतो. निफ्टीवाला साधा इंडेक्स फंड घेतला त्यानं, निफ्टी म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांची टोपली, सेन्सेक्समध्ये 30, आणि इंडेक्स फंड त्या टोपलीतल्याच कंपन्यांमध्ये पैसे लावतो. आणि पीपीएफ, म्हणजे सरकारी बचत योजनेचं खातं, ते पण उघडायला लावलं, 15 वर्षांचं, त्यात पैसे महिन्याच्या 5 तारखेपर्यंत टाकायचे कारण 5 तारीख ते महिनाअखेर यातल्या सगळ्यात कमी बॅलन्सवर व्याज मोजतात, 6 ला टाकले तर त्या महिन्याचं व्याज गेलं.

तो मोबाईलवर ऑप्शन ट्रेडिंगचे, म्हणजे शेअरचा भाव पुढे वर जाईल की खाली यावर सौदे लावायचे, व्हिडिओ पण पाहायचा. त्याच्यावर मी चिडली. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनंच 2024 मध्ये सांगितलं आहे की तीन वर्षांत फ्युचर आणि ऑप्शन करणाऱ्या सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. शंभरात त्र्याण्णव! घरात नुकतंच माणूस गेलं आहे, आई पेन्शनवर आहे, आणि तू हे करणार? ॲप काढायला लावलं त्याला माझ्यासमोर.

गेल्या रविवारी परत नंदनवनला गेली होती. थंडी होती, मावशीनं संत्री कापून मीठ लावून ठेवली होती आणि चष्मा लावून पासबुक घेऊन बसली होती. आता ती दर महिन्याला स्वतः जाऊन मशीनवर प्रिंट करून आणते. एकेका ओळीवर बोट ठेवून मला सांगत होती, हे व्याज, हे पोस्टाचं, हे पेन्शनचं, आणि एका ठिकाणी थांबून म्हणे, "हे एसएमएसचे चार्जेस आहेत ना, तिमाहीचे?" होते. मे महिन्याच्या पानावर तिच्या स्वतःच्या नावानं 436 ची ओळ होती, पन्नास व्हायच्या आत तिनं तो विमा घेतला. दोन्ही मुलांची नावं नॉमिनीत टाकली. आणि पासबुकाच्या कव्हरच्या आतल्या बाजूला तिनं बॉलपेननं, जरा तिरक्या अक्षरात लिहून ठेवलं आहे, "पोरांनो, मे महिन्याचं पान पाहणे. 2 लाख. काउंटरवर नाही म्हणतील, बोट ठेवून दाखवणे."